दुधाच्या दातांना इजा : घाई नको, हयगयही नको

‘दुधाचेच दात आहेत, आज ना उद्या पडणारच!’ मूल तोंडावर आपटले, दात हलू लागला किंवा ओठ सुजला, की घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास असा धीर देते. त्याच वेळी दुसरे कोणी सुटून आलेला दात पुन्हा खाचेत बसवू पाहते, तर तिसरे हलणारा दात ओढून काढण्याचा सल्ला देते. तिघांचाही हेतू चांगला असतो. मात्र पहिल्या सल्ल्यात हयगय आहे आणि पुढच्या दोहोंत घाई. दुधाच्या दाताची इजा हाताळताना या दोन्ही गोष्टी टाळाव्या लागतात. कारण अशा इजेत केवळ समोर दिसणाऱ्या दाताचा विचार करून चालत नाही. त्याच्या मुळाशी, हिरडीच्या आत, कायमचा दात आकार घेत असतो. उपचाराचे पहिले उद्दिष्ट त्या न दिसणाऱ्या दाताला धक्का न लावणे हे असते.

दाताखालचा दात

बाळाला साधारणपणे सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात ८ ते १२ महिन्यांच्या दरम्यान उगवतात आणि सर्वसाधारणपणे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत काम करतात. दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग म्हणजे मुकुट आणि हाडात रुतलेला भाग म्हणजे मूळ. दुधाच्या पटाशीच्या दाताच्या मुळाच्या टोकाजवळ, टाळूच्या बाजूला, त्याच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचा अंकुर असतो.

कायमच्या मधल्या पटाशीच्या दातांचे एनॅमल, म्हणजे त्यांचे पांढरे कठीण आवरण, जन्मानंतर तीन-चार महिन्यांतच तयार होऊ लागते. त्यांचा मुकुट पूर्ण होण्यास चार ते पाच वर्षे लागतात. मूल चालायला शिकते, पडते, पुन्हा उठते, तो सारा काळ नेमका हाच असतो. म्हणून दुधाच्या दाताला बसलेला मार मुळामार्फत या अर्धवट घडलेल्या दातापर्यंत पोहोचू शकतो. मुलाचे वय जितके कमी, तितका हा धोका अधिक.

इजा किती मुलांना होते?

दातांच्या अपघाती इजांचा अभ्यास करणाऱ्या ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी’ या संघटनेने २०२० मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. त्यांत दिलेल्या आकडेवारीनुसार, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना होणाऱ्या एकूण शारीरिक इजांपैकी १८ टक्के इजा तोंडाच्या असतात. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करता, दुधाच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण २२.७ टक्के आढळते. याचा अर्थ, साधारणपणे दर चार-पाच मुलांमागे एकाला हा अनुभव येतो.

सर्वाधिक मार बसतो तो वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना. वरचे दात पुढे आलेले असतील आणि ओठ त्यांच्यावर पूर्ण मिटत नसतील, तर धोका वाढतो. लहान मुलांच्या जबड्याचे हाड मोठ्यांच्या हाडापेक्षा लवचिक असते. त्यामुळे या वयात दात तुटण्यापेक्षा तो जागेवरून हलणे, वाकडा होणे किंवा आत रुतणे हे प्रकार अधिक घडतात.

पहिली दहा मिनिटे

अपघातानंतर पालकांनी प्रथम दाताकडे नव्हे, तर मुलाकडे पाहावे. मूल काही क्षण बेशुद्ध झाले होते का, त्याला वारंवार उलट्या होत आहेत का, ते गुंगीत आहे का, आकडी आली का, नाका-कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत आहे का, हे तपासावे. यांपैकी एकही लक्षण असेल, तर दाताचा विचार मागे ठेवून मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

ही लक्षणे नसतील, तर पुढील क्रम ठेवावा :

१. स्वच्छ ओल्या कापडाने तोंड हलक्या हाताने पुसावे. रक्त येत असेल तेथे कापडाची घडी धरून पाच-दहा मिनिटे दाबावे. दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहू नये.

२. सुजलेल्या ओठावर कापडात गुंडाळलेला बर्फ बाहेरून थोडा थोडा वेळ धरावा. ओठ व हिरडी यांना जोडणारा वरचा पडदा फाटला, तर रक्त बरेच येते आणि पालक घाबरतात. प्रत्यक्षात ही जखम बहुतेक वेळा टाके न घालताच भरून येते.

३. दात मोजावेत. एखादा दात किंवा त्याचा तुकडा दिसत नसेल, तर तो जमिनीवर, कपड्यांत आणि मुलाच्या तोंडात शोधावा. सापडला नाही, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तो पूर्णपणे हिरडीत रुतलेला असू शकतो, ओठात घुसलेला असू शकतो किंवा गिळला गेलेला असू शकतो. गिळलेला दात सहसा शौचावाटे निघून जातो. परंतु मुलाला सतत खोकला येत असेल, श्वास घेताना शीळ वाजत असेल किंवा धाप लागत असेल, तर दात श्वासनलिकेत गेल्याची शक्यता गृहीत धरून लगेच रुग्णालय गाठावे.

४. हलणारा दात ओढू नये, वाकडा झालेला दात बोटाने सरळ करू नये आणि रुतलेला दात उकरून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये.

५. हळद, तंबाखूची मशेरी, लवंगाचे तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. लवंगाच्या तेलाने कोवळी हिरडी भाजते आणि ते पोटात जाणे लहान मुलाला अपायकारक ठरते. वेदनेसाठी मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये.

सुटलेला दात परत बसवू नये

आपल्याकडे दुधाचा दात पडला की तो घराच्या कौलांवर टाकण्याची किंवा उंदराच्या बिळात ठेवण्याची प्रथा आहे. अपघातात मुळासकट सुटलेला दात मात्र टाकून न देता डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावा. तो अख्खा आहे की मुळाचा तुकडा आत राहिला आहे, हे त्यावरून कळते. पण तो खाचेत परत बसवायचा नसतो. बसवताना खाचेतील रक्ताची गुठळी, किंबहुना दाताचे मूळच, आतील अंकुरावर दाबले जाऊ शकते. पुढे त्या दातात जंतुसंसर्ग झाला, तर त्याचाही त्रास अंकुराला होतो.

येथे पालकांची एक फसगत होते. वयाप्रमाणे आपोआप पडणाऱ्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसते, कारण ते आतल्या आत विरघळून गेलेले असते. अपघातात सुटलेला दात मात्र लांबलचक मुळासह बाहेर येतो. तो पाहून ‘हा तर कायमचाच दात दिसतो’ असा समज होतो. अशा वेळी वय पाहावे. पाच वर्षांखालील मुलाचा पुढचा दात हा दुधाचाच असतो.

कायमच्या दाताचा नियम याच्या नेमका उलट आहे. सहा वर्षांनंतर वरचे-खालचे कायमचे पटाशीचे दात येऊ लागतात. असा दात सुटला, तर तो मुळाला स्पर्श न करता मुकुटाकडून धरावा. मळलेला असल्यास दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावा आणि लगेच खाचेत बसवावा. मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगून तातडीने दंतवैद्याकडे न्यावे. बसवणे जमत नसेल, तर दात थंड दुधात ठेवून न्यावा, कोरडा ठेवू नये. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. तेव्हा दुधाचा दात परत बसवू नये आणि कायमचा दात बसवण्यात क्षणही दवडू नये, एवढे घरातील प्रत्येकाच्या लक्षात असावे. मात्र दात दुधाचा की कायमचा, याविषयी शंका असेल, तर तो दुधात ठेवून लगोलग दंतवैद्य गाठणे श्रेयस्कर.

दवाखान्यात काय होते?

लहान मूल दंतवैद्याच्या खुर्चीत शांत बसेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून बहुतेक बालदंततज्ज्ञ ‘मांडीवरची तपासणी’ करतात. डॉक्टर आणि पालक समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल पालकांकडे तोंड करून त्यांच्या मांडीवर बसते आणि त्याचे डोके हळूच डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले जाते. मुलाला आई-बाबा दिसत राहतात आणि डॉक्टरांना दात नीट पाहता येतात.

डॉक्टर अपघात केव्हा, कुठे आणि कसा झाला, हे विचारतात. दात किती हलतो, चावताना अडतो का, हिरडीतून रक्त येते का, हे पाहतात. आवश्यक असल्यास लहान एक-दोन एक्स-रे काढतात. त्यांतून मुळाची स्थिती आणि अंकुराशी असलेले त्याचे नाते समजते. लसीकरणाची नोंदवही सोबत न्यावी. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार धनुर्वातापासून संरक्षण देणारे डोस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि त्यानंतर १६ ते २४ महिने व ५ ते ६ वर्षे या वयात दिले जातात. जखमेत माती गेली असेल आणि डोस राहून गेला असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केवळ दात हलला म्हणून प्रतिजैविके देण्याची सहसा गरज नसते.

इजेचे प्रकार आणि उपचार

केवळ धक्का बसलेला किंवा किंचित हलणारा दात : दात जागेवरच असेल, तर कोणताही उपचार लागत नाही. काही दिवस मऊ अन्न, तोंडाची स्वच्छता आणि देखरेख एवढे पुरते.

टवका उडालेला दात : फक्त एनॅमलचा टवका गेला असेल, तर टोचणारी कड घासून गुळगुळीत केली जाते. आतील पिवळसर डेंटिन उघडे पडले असेल, तर ते ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिट या दाताच्या रंगाच्या पदार्थाने झाकतात. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसत असेल, तर दाताचा जिवंत गाभा, म्हणजे ज्याला आपण ‘नस’ म्हणतो तो भाग, उघडा पडला आहे असे समजावे. अशा वेळी गाभ्याचा वरचा थोडा भाग काढून त्यावर औषधी लेप व भरण करतात आणि दात वाचवता येतो. मूल किती सहकार्य करते, यावर उपचाराची निवड बरीच अवलंबून असते.

मुळाचा अस्थिभंग : वरचा तुकडा जागेवर असेल, तर काहीच करत नाहीत. तो फार हलत असेल, तर केवळ तेवढाच काढतात. खोल राहिलेला मुळाचा तुकडा उकरून काढण्यात अंकुराला धोका असतो. तो तुकडा कालांतराने आपोआप विरघळतो.

लोंबकळणारा दात : दात खाचेतून थोडा खाली आला असेल आणि चावताना अडत नसेल, तर त्याला आपोआप स्थिरावू देतात. तो तीन मिलिमीटरपेक्षा अधिक बाहेर आला असेल किंवा फारच हलत असेल, तर भूल देऊन काढतात.

वाकडा झालेला दात : मुकुट आत टाळूकडे झुकला असेल, तर त्याचे मूळ बाहेरच्या बाजूला, म्हणजे अंकुरापासून दूर गेलेले असते. चावताना अडथळा नसेल, तर जीभ आणि ओठ यांच्या दाबाने असा दात बहुधा सहा महिन्यांत सरळ होतो. अडथळा असेल, तर डॉक्टर तो हलकेच सरळ करतात आणि तो अस्थिर राहिल्यास चार आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवतात. गिळला जाण्याची भीती असेल, तर तो काढणेच इष्ट ठरते.

हिरडीत रुतलेला दात : पालकांना सर्वाधिक घाबरवणारा हा प्रकार. दात आखूड दिसतो, कधी पूर्ण दिसेनासा होतो. २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, असा दात अंकुराच्या दिशेने घुसला असेल, तर तो काढून टाकण्याचा सल्ला दिला जात असे. २०२० मध्ये हा सल्ला बदलला. दात कोणत्याही दिशेला रुतलेला असो, त्याला आपोआप बाहेर येऊ द्यावे, असे आता सांगितले जाते. बहुतेक दात सहा महिन्यांत खाली येतात, काहींना वर्षही लागते. काढण्याच्या खटाटोपात अंकुराला आणखी इजा होऊ शकते, हे या बदलामागचे कारण आहे. मात्र वाट पाहायची म्हणजे दवाखान्यात जायचेच नाही, असे नव्हे. अशा मुलाला दोन-तीन दिवसांच्या आत बालदंततज्ज्ञांना दाखवावे.

हाडाचा अस्थिभंग : दोन-तीन दात एकत्र हलत असतील आणि मुलाला तोंड नीट मिटता येत नसेल, तर दातांभोवतीचे हाड मोडल्याची शक्यता असते. येथे थांबून चालत नाही. हाड जागेवर बसवून दात चार आठवडे बांधून ठेवावे लागतात.

दात काळा पडला तर?

मार बसल्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी दात करडा, जांभळट किंवा पिवळा होतो. ‘दात मेला, आता रूट कॅनाल करावे लागणार’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो बरोबर नाही. करडेपणा कधी कधी कमी होतो. पिवळेपणा बहुधा दाताने आपली आतील पोकळी भरून घेतल्याचे लक्षण असते. केवळ रंग बदलला म्हणून उपचार करायचे नसतात. मात्र हिरडीवर पुवाची पुटकुळी येणे, सूज, वाढत जाणारी हालचाल, दुखणे किंवा ताप ही जंतुसंसर्गाची चिन्हे आहेत. ती दिसल्यास विनाविलंब दंतवैद्याकडे जावे, कारण पू अंकुरापर्यंत पोहोचू देणे धोक्याचे असते.

घरची काळजी

मऊ भात, खिचडी, शिरा, दही, केळे असे अन्न काही दिवस द्यावे. चकली, शेंगदाणे, पुढच्या दातांनी तोडावे लागणारे सफरचंद अथवा पेरू टाळावेत. दुधाची बाटली आणि चोखणी शक्यतो बंद ठेवावी. दुखते म्हणून दात घासणे थांबवू नये. जखम स्वच्छ राहिली तरच ती भरते. मऊ ब्रश वापरावा आणि डॉक्टरांनी सुचवल्यास अल्कोहोलविरहित क्लोरहेक्सिडीनचे द्रावण कापसाच्या बोळ्याने दिवसातून दोनदा, एक आठवडा लावावे. लहान मुलाला त्याने चूळ भरायला सांगू नये, कारण ते गिळले जाते. काही दिवसांतच मुलाला नेहमीच्या आहाराकडे वळवावे.

‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर कटाक्षाने टाळावी. अनेक मुलांची दंतवैद्याशी पहिली भेट अशा अपघातामुळेच होते आणि तिची आठवण पुढे बराच काळ राहते.

पुन्हा तपासणी का?

दात दुखेनासा झाला की पालक दवाखान्याची वाट विसरतात. येथेच खरी गफलत होते. साध्या धक्क्यानंतरही एका आठवड्याने आणि सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी आवश्यक असते. रुतलेल्या दातासाठी याशिवाय सहा महिन्यांनी आणि एका वर्षाने बोलावले जाते. दात खोलवर रुतला असेल किंवा मुळासकट सुटला असेल, तर मूल सहा वर्षांचे झाल्यावर, कायमचा दात येण्याच्या सुमारास, पुन्हा पाहणे इष्ट असते.

दुधाच्या दातांच्या इजेचा कायमच्या दातांवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास डेन्मार्कमधील जेन्स ओव्ह आन्द्रेआसेन (१९३५-२०२०) यांनी केला. त्यांचा यावरील महत्त्वाचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. कायमच्या दातावर पांढरा अथवा पिवळट-तपकिरी डाग, एनॅमलमध्ये खळगा, मुकुट किंवा मूळ वाकडे होणे, दात उशिरा वा भलत्या जागी येणे, असे हे परिणाम असतात. दात रुतणे आणि मुळासकट सुटणे, या दोन इजांनंतर त्यांची शक्यता अधिक असते. अपघाताची तारीख, एक्स-रे आणि दाताचे छायाचित्र जपून ठेवल्यास चार-पाच वर्षांनी तज्ज्ञांना त्याचा मोठा उपयोग होतो.

दात गमावल्यास उच्चार बिघडतील का, जागा बुजेल का, ही चिंताही असते. सुळे आल्यानंतर पुढच्या दाताची जागा सहसा फारशी आक्रसत नाही आणि मुले उच्चारांशी लवकर जुळवून घेतात. कृत्रिम दात बसवणे हा मुख्यतः दिसण्याचा प्रश्न आहे.

अपघात टाळण्यासाठी

प्रत्येक पडझड टाळता येत नाही, तरी काही गोष्टी आपल्या हाती आहेत. फ्लॅटमधील टी-पॉय व पलंगाच्या कोपऱ्यांना मऊ आवरण लावावे, न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावू देऊ नये. चाकांचा वॉकर वापरू नये. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. तोंडात ब्रश, चमचा किंवा शिट्टी धरून मुलाला पळू देऊ नये. दुचाकीवर मुलाला पुढे उभे करणे ही आपल्या शहरांतील नित्याची गोष्ट. अचानक ब्रेक लागताच त्याचे तोंड थेट हँडलवर आदळते. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय नियमानुसार, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आवश्यक आहे.

एक नाजूक मुद्दाही सांगायला हवा. अजून रांगतही नसलेल्या बाळाचा ओठामागचा पडदा फाटणे, वारंवार इजा होणे किंवा सांगितलेली हकीकत आणि जखम यांचा मेळ न बसणे, या बाबी मुलाला मारहाण होत असल्याच्या सूचक असू शकतात. पाळणाघर असो वा घर, अशी शंका आल्यास गप्प बसू नये. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी त्याकरिताच आहे.

मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळी येथील दंत महाविद्यालय येथे बालदंतविभाग आहेत. आपल्या घराजवळच्या बालदंततज्ज्ञांचा क्रमांक बालरोगतज्ज्ञांच्या क्रमांकाशेजारीच लिहून ठेवावा. अपघाताच्या क्षणी शोधाशोध करण्याची वेळ येत नाही आणि दाताला हात लावण्याआधी जाणकाराला विचारण्याची सोय होते.